मिस्टर घ्यावा की लॅपटॉप पुरेसा?

प्रश्न : जुन्या गेमसाठी ‘मिस्टर’ (जुन्या कन्सोलची चिपवर नक्कल करणारं यंत्र) घ्यावा म्हणतोय. लॅपटॉपवरच्या एम्युलेटरपेक्षा (तीच नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा) तो खरंच अस्सल असतो का?

उत्तर : मिस्टरचा पाया म्हणजे डीई10-नॅनो बोर्डावरची एफपीजीए चिप. तिच्या आतली सर्किटं हवी तशी जोडता येतात. त्यामुळे कन्सोलचा सीपीयू, चित्राची चिप आणि आवाजाची चिप तिथे खरोखरच एकाच वेळी चालतात. एम्युलेटर हीच कामं आळीपाळीने करून वेळ जुळवत बसतो. पण मिस्टरचा ‘कोर’ही (एकेका कन्सोलसाठी सर्किटं कशी जोडायची तो आराखडा) कोणीतरी लिहिलेलाच असतो. मूळ चिप कशी वागते हे त्याला जेवढं उमगलं, तेवढाच तो अस्सल. सुपर निन्टेंडो या कन्सोलसाठीचा बीएसनेस हा एम्युलेटर निव्वळ सॉफ्टवेअर आहे, तरी अचूकतेत त्याला नावं ठेवायला फारशी जागा नाही. आणि प्लेस्टेशन 2 खेळायचा असेल तर मिस्टरचा विषयच सोडा, लॅपटॉपवर पीसीएसएक्स2 हा एम्युलेटर टाका.

प्रश्न : बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. एफपीजीएने फरक पडेल?

उत्तर : पडेल, पण आधी टीव्हीचा गेम मोड लावा, तो फुकट आहे. मग रेट्रोआर्कमध्ये (एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) गेम पॉज करा, उडीचं बटण धरून ठेवा आणि कीबोर्डवरचं के दाबत एकेक फ्रेम पुढे जा. मारिओ कितव्या फ्रेमला हलतो ते मोजा. त्यातून एक वजा करून तो आकडा रन-अहेडला (पुढच्या फ्रेम आधीच चालवून उशीर भरून काढणारी सोय) द्या. एवढ्यावर बहुतेकांची तक्रार मिटते.

प्रश्न : लहानपणी टीव्हीला जोडून कॉन्ट्रा खेळायचो. एम्युलेटरवर तो भलताच पळतो, संगीतही वेगळं वाटतं. माझा भास आहे का?

उत्तर : भास नाही. आपल्याकडे घरोघरी असायचे ते बहुतेक फॅमिकॉमचे (निन्टेंडोचा जुना कन्सोल, अमेरिकेत एनईएस) क्लोन, म्हणजे नकला, आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे 50 हर्ट्झचे (सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणारे). अमेरिकन आवृत्ती 60 वर चालते, म्हणजे क्लोनवर गेम साधारण एक षष्ठांशाने संथ. गंमत अशी, की अशा क्लोनचा सीपीयू 1.77 मेगाहर्ट्झचा, अमेरिकन यंत्राचा 1.79. म्हणून सूर जवळपास तोच, लय तेवढी मंदावलेली. (युरोपात विकलेल्या अधिकृत यंत्राचा 1.66, तिथे सूरही उतरायचा.) शिवाय बऱ्याच क्लोन चिपांमध्ये स्क्वेअर वेव्हच्या (आवाजाच्या चौकोनी लहरीच्या) 25 आणि 50 टक्के ड्युटीची, म्हणजे लहर किती वेळ वर राहते त्या प्रमाणाची, अदलाबदल झालेली असायची, त्यामुळे आवाजाचा पोतच बदलायचा. मेसेन या एम्युलेटरमध्ये रीजन ‘डेंडी’ करा. डेंडी हा रशियात गाजलेला असाच एक क्लोन. ड्युटी सायकल उलटवण्याची सोयही तिथेच सापडेल. मिस्टरच्या एनईएस कोरमध्येही डेंडीचा पर्याय आहे. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या. तुमच्या आठवणीतलं यंत्र हेच होतं.

प्रश्न : डक हंटची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही. मिस्टरवर चालेल?

उत्तर : त्याच टीव्हीवर नाही चालणार. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीला तो प्रकाश नेमका त्याच घडीला लागतो. नवे टीव्ही तिथेच उशीर करतात. मूळ यंत्र जोडलंत तरी तेच. भंगारवाल्याकडे जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीचा टीव्ही, मिळतोय का बघा.