मशिन डब्यात आणि मुलगा मुंबईला?

मुंबईतल्या काळाचौकीहून एका आत्याचं पत्र आलंय. लांजा तालुक्यातला त्यांचा भाचा आठ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. त्याला कमी ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी कानामागचं मशिन मिळालं, पण ते शिट्टी मारतं, मुलं हसतात, म्हणून वहिनीने ते स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं. आता गुरुजी म्हणतात, ‘आमच्याने हा शिकायचा नाही, मुंबईला बहिऱ्यांच्या शाळेत घाला.’ भाऊ म्हणतो, तुझ्याकडे ठेव. इथे दहा बाय बाराची खोली, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, सकाळी आठला कामावर निघायचं. ‘नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का?’ असं त्या विचारतात.

प्रिय आत्या,

नाही म्हणा, आणि म्हणताना मान खाली घालू नका. खोली मोठी असती तरी मी हेच सांगितलं असतं. त्या पोराने गाव सोडावं असं तुमच्या पत्रात मला काही दिसलं नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात ती एक ओळ मी तीनदा वाचली: ‘शाळेला आळा म्हणतो, पण जवळ बसून सांगितलं की गोष्ट नीट कळते.’ स आणि श हे बारीक, उंच पट्टीतले आवाज. कमी ऐकणाऱ्या अनेक मुलांच्या कानापर्यंत तेच पोचत नाहीत. जे ऐकलंच नाही ते तो श्रुतलेखनात लिहिणार कुठून? त्याची पाटी कोरी राहते ती त्यामुळे. जवळून सांगितलेली गोष्ट त्याला कळते, म्हणजे डोकं शाबूत आहे.

आता त्या शिट्टीबद्दल. मशिन शिट्टी मारतं तेव्हा बहुतेक वेळा कानात बसवायचा साचा सैल झालेला असतो. मूल वाढतं तसा कानही वाढतो. सहाव्या वर्षीची चप्पल आठव्या वर्षी पायात जात नाही, तसंच हे. फटीतून आवाज बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशिन किंचाळतं. वाढत्या वयात हा साचा दरवर्षी, कधी त्याआधीही, नवा करून घ्यावा लागतो. वहिनीला हे कोणी सांगितलंच नसेल, तर तिला काय दोष द्यायचा? पोराची चेष्टा होऊ नये म्हणूनच तिने मशिन डब्यात ठेवलं.

म्हणून त्याला कायमचा आणू नका, दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर आणा. तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरवून घ्या आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत न्या. 1983 पासून ती संस्था याच कामाला वाहिलेली आहे. कान नव्याने तपासून घ्या, साच्याचं माप द्या, मशिनही दाखवा. सेल कसा बदलायचा ते वहिनीला तिथेच स्वतःच्या हाताने करू द्या. त्या छोट्या सेलवरचा चिकट कागद काढला की मशिन बंद असलं तरी तो उतरत जातो, तेव्हा पाकिटातले सगळे एकदम उघडायचे नाहीत. आणि कोकणातल्या पावसात मशिन रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. डबा हवाच, पण रात्रीपुरता.

शाळेचं म्हणाल तर भावाला आजच फोन करा: दाखला काढू नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. पसंती घरच्यांची, गुरुजींची नव्हे. आणि टक्के कितीही निघोत, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला गावातली शाळा दिलेलीच आहे.

गुरुजींशी मात्र भांडायला जाऊ नका. द्विशिक्षकी शाळा, एकाच खोलीत दोन-तीन वर्ग, वर माहिती भरण्याची कामं. ते घाबरलेत, कारण त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही. गणपतीला गावी जाल तेव्हा शाळेत जाऊन बसा आणि अगदी लहान गोष्टी मागा. मुलगा पहिल्या रांगेत, गुरुजींपासून हाताच्या अंतरावर. खिडकीचा उजेड गुरुजींच्या तोंडावर पडेल अशी जागा, म्हणजे त्याला ओठ दिसतील. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून सांगायचं. शेजारी एक समजूतदार सोबती, पान कुठलं ते दाखवायला. मशिन एकदा सगळ्या वर्गाच्या हातात द्या, कसं चालतं ते सांगा. मुलांचं हसणं बरंचसं कुतूहलच असतं. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात असतात. तालुकाभर फिरावं लागत असल्याने ते रोज येणार नाहीत, पण भावाने तिथे नाव नोंदवून तारीख मागून घ्यावी. प्रवास भत्त्याची आणि दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशीही त्याच फेरीत होईल.

माझ्या धाकट्या भावालाही ऐकू येत नव्हतं. सातव्या वर्षी त्याला मुंबईच्या वसतिगृहात ठेवलं. शिकला, नोकरीला लागला. पण मे महिन्यात घरी आला की ओटीवर एकटाच बसायचा, कारण गावातली मुलं त्याची राहिली नव्हती. आई ते बघून आत जाऊन रडायची. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, तेव्हा गावात दुसरी सोय नव्हती, हेही खरं. तुमच्या भाच्याच्या तपासणीतही तसंच निघालं, मशिन लावूनही बोलणं पोचत नाही असं तज्ज्ञ म्हणाले, तर खुणांची भाषा शिकवणाऱ्या शाळेचा विचार करावाच लागेल. तेव्हा मला पुन्हा लिहा. पण तो निर्णय तपासणीनंतरचा.

भाऊ रागावेल म्हणून घाबरताय ना? मग पहिला फोन वहिनीला करा. म्हणावं, “दिवाळीत त्याला घेऊन तू ये, मी रजा टाकते. आणि येताना तो डबा विसरू नकोस.”