घोड्यांच्या जुन्या ट्रेलरचे दिवे मंद पडतात, इंडिकेटर दिला की सगळेच मिचमिचतात. बॅटरी बदलू का?

नको, आधी अर्थिंग बघा. अमेरिकेतल्या ट्रेलरचे मागचे दिवे ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीवर, ७ पिनांच्या सॉकेटमधून चालतात. ट्रेलरवरची छोटी १२ व्होल्टची बॅटरी तो निसटला तर ब्रेक लावण्यापुरती. अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी, पांढरी वायर चासीला (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्टने जोडलेली असते, तिथे घोड्याच्या मूत्राने गंज धरतो आणि करंट दुसऱ्याच दिव्यातून परततो. बोल्ट काढा, धातू चकाकेपर्यंत सँडपेपरने घासा, आवळून वरून ग्रीस लावा. मग दिवे लावून गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह आणि ट्रेलरची चासी यांमध्ये मल्टिमीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवला तर दोष अजून आहेच. छोटी बॅटरी मात्र वेगळी तपासा: १२.४ व्होल्टच्या खाली गेली असेल तर चार्ज करा, ट्रेलर निसटल्यावर ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिन (सॉकेटमधली नव्हे) ओढून चाकं जाम होतात का बघा. पिन लगेच परत घाला, विसरलात तर बॅटरी उतरलीच.