दोन पानी पत्रातली मुलीची एकच ओळ

‘मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत. गेल्या वर्षी माझी आई कॅन्सरने गेली. मुलीने ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञ व्हायचं, असं आम्ही तेव्हाच ठरवलं. निदान प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध तरी शोध म्हणतो. पण ती पेशींच्या म्हातारपणाबद्दल काहीबाही वाचत बसते. परवा विचारत होती, “म्हातारी पेशी विभाजन थांबवते, तर मग म्हातारपणी कॅन्सर जास्त का होतो?” या नादात गुण ७८ टक्क्यांवरून ६९ वर आले. तिला चार शब्द सांगा.’ – एक पालक

नऊ टक्क्यांनी आभाळ कोसळत नाही, ते भरून निघतील. मला खटकलं ते ‘आम्ही ठरवलं’. दोन पानांत तुमच्या आईचं आजारपण आहे, तुमची हळहळ आहे, मुलीचं स्वतःचं वाक्य मात्र एकच. तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय! आई गेल्याचं दुःख मोठं आहे, पण त्याची वसुली मुलीच्या करिअरमधून करू नका. ती ऑन्कॉलॉजिस्ट झाली तरी आजीला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तपासणार आहे. रोज वाईट बातमी सांगण्याचं ते काम ज्याला मनापासून हवंय, त्यानेच करावं.

आता तिच्या ‘नादा’कडे येऊ. तो प्रश्न अस्सल आहे. त्यावर प्रयोगशाळा चालतात.

माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्या तर साधारण पन्नास विभाजनांनंतर थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, झिजतात आणि पी५३, पी१६ सारखी प्रथिनं ब्रेक लावतात. अंगावरचा तीळ बघा. त्यातल्या पेशींत बऱ्याचदा बीआरएएफ या जनुकातला कॅन्सरकडे नेणारा बिघाड असतो, तरी बहुतेक तीळ जन्मभर जागचे हलत नाहीत. ब्रेक लागलेला असतो. म्हणजे मुलीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे.

उरलेल्या अर्ध्यात खरी गंमत आहे. थांबलेली पेशी मेलेली नसते, गप्पही नसते. ती आयएल-६, आयएल-८ सारखे दाहकारक रेणू आणि भोवतालचं जाळं कुरतडणारी एन्झाइम्स सोडत राहते. शेजारी एखादी बिघडलेली पेशी असेल तर तिला वाढायला आयतं रान मिळतं. तरुणपणी एनके पेशी, मॅक्रोफेज असे प्रतिकारशक्तीचे सफाई कामगार या थांबलेल्या पेशी उचलून नेतात. वयानुसार थायमस, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी घडवणारा छातीतला अवयव, आक्रसतो, तिथे चरबी भरते, नव्या टी-पेशी कमी तयार होतात आणि सफाई रेंगाळते. वर्षानुवर्षांचे जनुकीय बिघाडही साठलेले असतात. शिवाय सुमारे ८५ ते ९० टक्के कॅन्सर टेलोमरेज हे एन्झाइम पुन्हा सुरू करून टोकांची झीजच थांबवतात. हे सगळं तिला वाचून दाखवा. ती यातून पुढचे तीन प्रश्न काढेल.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध’ हे मात्र डोक्यातून काढा. प्रतिकारशक्ती म्हणजे जास्त सोडला की जास्त पाणी देणारा नळ नव्हे. टी-पेशींवर पीडी-१, सीटीएलए-४ असे लगाम असतात, ते शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून. अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते हे लगाम सैल करून कॅन्सरशी लढता येतं, या शोधासाठी. पण लगाम सुटलेल्या टी-पेशी काही रुग्णांच्या आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसांवरही धावून जातात आणि मग त्यांना आवरायला अनेकदा स्टेरॉइड द्यावी लागतात. आणि रेंगाळणारा दाह हीसुद्धा प्रतिकारशक्तीच. तो ट्यूमरला पोसतो.

रस्ते तुम्हाला माहीत आहेत: नीटमधून एमबीबीएस, किंवा आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था) अथवा बीएस्सी, मग एमएस्सी आणि पीएचडी. गणित सोडू देऊ नका. या क्षेत्रात आकडेवारी न येणारा जीवशास्त्रज्ञ दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

तिला हे काम झेपेल का, ते गुणांवरून कळणार नाही. कामाचा एक नमुना देतो. म्हातारी पेशी ओळखायला बीटा-गॅल रंगवणी करतात: बीटा-गॅल या एन्झाइममुळे ती निळी दिसते. पेशी तीन ते पाच मिनिटं फिक्स करायच्या, म्हणजे रसायनाने आहेत तशा थिजवायच्या. जास्त वेळ ठेवलं की एन्झाइम मरतं. मग पीएच नेमका ६.० असलेलं द्रावण घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं, तेही कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये. सवयीने नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलं तर पीएच घसरतो आणि तरुण पेशीही निळ्या दिसतात. बशीत गर्दी झाली तरी तेच. म्हणून निळ्या रंगावर विसंबायचं नाही. पी१६ तपासायचं, विभाजन खरंच थांबलंय का तेही पाहायचं आणि शेकडो पेशी एकेक करून मोजायच्या.

उंदरांवरचं काम याहून चिकट. कॅन्सरचे बरेच प्रयोग दोन-तीन महिन्यांच्या, म्हणजे ऐन तारुण्यातल्या उंदरांवर होतात आणि रुग्ण मात्र बहुतेक उतारवयातले असतात. वार्धक्य अभ्यासायचं तर अठरा ते चोवीस महिन्यांचा उंदीर हवा. तो बाहेरून मिळाला नाही तर पीएचडीची दीड-दोन वर्षं त्याचं वय वाढण्याची वाट बघण्यात जातात आणि मध्येच काही उंदीर मरतात.

वरचे दोन परिच्छेद तिला वाचायला द्या आणि बाजूला व्हा. कंटाळली तर कंटाळू दे, मग क्लिनिकल बाजूचा विचार ती स्वतः करेल. ‘पीएच ६.०च का?’ असं विचारलं, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते तुम्ही वाचायचं नाही.