भुईमुगाची चाळीस गुणसूत्रे

प्रश्न : तूर, हरभरा आणि भुईमूग एकाच कुळातले असूनही भुईमुगाच्या जनुकांचा अभ्यास अवघड का मानतात?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : हरभऱ्याच्या पेशीत १६ आणि तुरीच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात, भुईमुगात मात्र ४० असून ती दक्षिण अमेरिकेतील दोन रानटी जातींच्या संकरातून एकत्र आली आहेत. दोन्ही जातींकडून आलेले गुणसूत्रांचे संच इतके मिळतेजुळते आहेत की वाचलेला डीएनएचा तुकडा कोणत्या संचातला, हे ठरवणेच कठीण जाते. म्हणून २०१६ मध्ये आधी रानटी पूर्वजांचे जनुकसंच (संपूर्ण जनुकीय आराखडे) प्रसिद्ध झाले आणि लागवडीच्या भुईमुगाचे २०१९ मध्ये. माझ्या मते खरी चिंता लागवडीच्या वाणांतील अल्प विविधतेची आहे, कारण तांबेरा आणि टिक्का रोगांचा प्रतिकार मिळवण्यासाठी पैदासकारांना रानटी जातींकडेच वळावे लागते.