‘सेफ आहेस ना?’ असं दिवसातून किती वेळा विचारायचं

एखाद्या देशात परकं सैन्य घुसलं की पुढचे काही आठवडे समुपदेशकांकडे तेच ते प्रश्न येतात. तिकडे माणसं मरताहेत आणि मी इथे निवांत जेवतेय, हे बरोबर आहे का? तिथल्या ओळखीच्या माणसाला लिहायचं तरी काय? आणि ज्या देशाने हल्ला केला तिथला मित्र असेल तर त्याच्याशी कसं वागायचं? 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं, त्यानंतरच्या महिन्यातली ही केस आहे. तिच्यात हे तिन्ही प्रश्न होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सल्ल्यासाठी आलेली बाई तिशीतली, एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. टीममधला एक टेस्टर युक्रेनमधल्या खार्किवचा, एक डेव्हलपर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. आक्रमण सुरू झाल्यापासून तिची झोप उडाली होती. रात्री दोन-तीनपर्यंत ती मोबाईलवर व्हिडिओ बघायची. खार्किवच्या सहकाऱ्याला रोज पाच-सहा मेसेज जायचे, बहुतेक एकच: ‘सेफ आहेस ना?’ आधी तो नुसता अंगठा पाठवायचा, मग तेही थांबलं. मेसेज वाचले गेल्याची खूण दिसत होती, म्हणजे तो जिवंत होता. तिचा प्रश्न होता, “मॅडम, तो माझ्यावर चिडलाय का?”

चिडला होता की नाही, ते त्यालाच ठाऊक. पण हा प्रश्न त्याच्या बाजूने कसा दिसतो ते आधी पाहायला हवं. खार्किव रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर. तिकडून डागलेलं क्षेपणास्त्र मिनिटाभरात येऊन पडतं आणि भोंगा कधीकधी स्फोटानंतर वाजतो. त्या दिवसांत लोक मेट्रोच्या स्थानकांत फलाटावर झोपत होते. ज्यांना तिथवर जाणं जमत नव्हतं ते घरातच बोळात किंवा न्हाणीघरात बसायचे. बाहेरच्या बाजूला निदान दोन भिंती हव्यात, म्हणजे पहिली भिंत स्फोट झेलते आणि दुसरी काचा-तुकडे अडवते, असा तिथला साधा हिशोब. अशा ठिकाणी ‘सेफ’ हे उत्तर पाच मिनिटंही टिकत नाही. शिवाय प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देणं म्हणजे समोरच्याची काळजी मिटवणं. म्हणजे तळघरात बसलेला माणूस घरात बसलेल्या माणसाला धीर देतोय. दिवसातून सहा वेळा, आणि असे मेसेज करणारी ती एकटी नव्हती.

मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क यांनी 2013 मध्ये वर्तुळांचा एक नियम मांडला, तो अशा वेळी फार उपयोगी पडतो. मधोमध ज्याच्यावर संकट आलंय तो, भोवती त्याचं घर, मग मित्र, मग सहकारी, मग बाकीचे. आतल्या दिशेने फक्त आधार जाऊ द्यायचा. स्वतःची भीती, अस्वस्थता, रडू, सगळं बाहेरच्या दिशेने. ‘सेफ आहेस ना?’ वरवर आधार वाटतो, पण त्यात बरीचशी आपलीच धाकधूक आत ढकललेली असते. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे मी लिहूच नको?”

लिहायचं. पण प्रश्न न विचारता. सत्रात बसून तिने जो मजकूर तयार केला तो असा: ‘तुझी आठवण आहे. उत्तर द्यायची गरज नाही. रिलीजची तुझी दोन्ही कामं मी वाटून दिली आहेत. पगार नेहमीच्या तारखेला जमा होईल. दुसऱ्या खात्यावर हवा असेल तर फक्त खाते क्रमांक पाठव. शुक्रवारी पुन्हा लिहीन.’ यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. दुसऱ्या वाक्यामुळे तो उत्तराच्या ओझ्यातून सुटतो. तिसऱ्या-चौथ्यात त्याच्या डोक्यातल्या दोन काळज्या कमी होतात, आणि त्या कमी करणं तिच्या हातात होतं. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं: पुढचा मेसेज कधी येणार हे ठरलेलं आहे, आणि तो खरोखर त्या दिवशी यायला हवा. आठवड्याला दोन मेसेज पुरे. नुसता मजकूर, व्हॉइस नोट नको, व्हिडिओ कॉल तर नकोच, कारण आसऱ्याच्या जागेत बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही जपून वापरावं लागतं.

काय लिहू नये, याची यादी खरं तर मोठी आहे. बातम्यांच्या लिंका त्याला नकोत, त्याला त्याच्या गल्लीतलं आपल्याआधी कळतं. उद्ध्वस्त इमारतींचे फोटो नकोत. ‘तुम्ही लोक किती शूर आहात’ हेही नको, कारण मग घाबरलोय असं म्हणायची सोय उरत नाही. ‘बॉम्ब नक्की कुठे पडला?’ हे तर अजिबात विचारू नये. सैन्याच्या जागा, हालचाली आणि हल्ल्याची ठिकाणं उघड करण्यावर युक्रेनमध्ये कडक कायदेशीर निर्बंध आहेत, कारण अशा माहितीवरून समोरच्याला नेम सुधारता येतो. आणि बाहेरून सर्रास विचारलं जाणारं, ‘अरे मग तू देश सोडून का येत नाहीस?’ लष्करी कायदा लागू झाल्यापासून तिथे 18 ते 60 वयाच्या पुरुषांना, काही अपवाद सोडून, सीमा ओलांडायला बंदी होती. बंदी नसती तरी घरात अंथरुणाला खिळलेली आई असू शकते. हा प्रश्न विचारणाऱ्याला सूचना वाटतो, ऐकणाऱ्याला आरोप.

कामाबाबत एक चूक चांगल्या मनाने होते: ‘हवी तेवढी सुट्टी घे’ म्हणून माणसाला सगळ्या कामातून मोकळं करणं. पुष्कळांना युद्धात रोजचं काम हाच आधार वाटतो; ते काढून घेतलं की दिवसभर फक्त भोंगे उरतात. म्हणून विचारायचं ते निवडीचं विचारावं. ‘हे ठेवू की काढू?’ एवढंच. ‘तुला काय मदत हवी?’ हा मोकळा प्रश्न थकलेल्या डोक्याला जड जातो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘काही नको.’

आता सेंट पीटर्सबर्गचा डेव्हलपर. इथे प्रकरण जास्त बिघडलेलं होतं. आक्रमणानंतर दुसऱ्या आठवड्यात तिने टीमच्या ग्रुपवर सर्वांसमोर त्याला लिहिलं होतं, ‘याबद्दल तुझी भूमिका काय? गप्प राहणं म्हणजे पाठिंबाच.’ तो दोन दिवस गप्प राहिला आणि मग ग्रुपमधून बाहेर पडला. तिने त्याचा अर्थ लावला की तो हल्ल्याच्या बाजूचा आहे.

असेलही. पण गप्प राहण्याला दुसरं कारण होतं, आणि ते तिला माहीत नव्हतं. 4 मार्च 2022 ला रशियात कायदा झाला: सैन्याबद्दल सरकारला ‘खोटी’ वाटणारी माहिती पसरवली तर 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास. युद्धाला ‘युद्ध’ म्हणणंही धोक्याचं झालं. सरकारी नाव होतं ‘विशेष लष्करी मोहीम’. निदर्शनं करणाऱ्या हजारोंना पहिल्या काही आठवड्यांतच ताब्यात घेतलं गेलं. म्हणजे ग्रुपवर लेखी उत्तर मागून तिने त्याला दोनच वाटा ठेवल्या होत्या: खोटं बोलायचं, नाहीतर स्वतःविरुद्ध पुरावा लिहून द्यायचा. युद्धकाळात हुकूमशाही राजवटीतले जनमताचे आकडेही याच कारणाने सांभाळून वाचावे लागतात. दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण खरं सांगणार?

दुरुस्ती छोटी होती. त्याला खाजगीत एकच मेसेज: ‘सर्वांसमोर तसं विचारायला नको होतं. तुला काही बोलण्याची सक्ती नाही. कामाचं नेहमीसारखं चालू राहील.’ युद्धाबद्दल एक अक्षर नाही. आणि दोघांना एकाच कॉलवर आणून ‘मनं मोकळी’ करायचा जो बेत तिच्या मनात होता तो आम्ही स्पष्ट शब्दांत मोडीत काढायला सांगितला. ज्याच्या घरावर तोफा चालल्यात त्याने समेटाच्या कार्यक्रमात हजेरी लावावी, ही अपेक्षाच अन्याय्य आहे. त्यांची कामं वेगळी करा, मध्ये तुम्ही राहा, बस.

त्या महिन्यांत बाहेरच्या जगातही हीच गफलत मोठ्या प्रमाणावर चालली होती. रशियन नावाच्या उपाहारगृहांवर धमक्या आणि दगड आले. त्यातली काही तर युक्रेनियन माणसांचीच होती. इटलीतल्या एका विद्यापीठाने रशियन साहित्यावरची व्याख्यानं पुढे ढकलली आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. राग खरा असतो, फक्त तो जवळ सापडेल त्या माणसावर निघतो.

तिच्या घरात वेगळंच चाललं होतं. सासरे आणि काका रोज व्हॉट्सॲपवर: चूक नाटोचीच, रशियाने आपल्याला 1971 मध्ये साथ दिली होती, वगैरे. ती चिडून उत्तरं द्यायची आणि रात्रीची झोप त्यातही जायची. तिला एवढंच दाखवलं की परक्या आक्रमणावर बाहेरचे लोक जे बोलतात त्यात स्वतःचा इतिहास बराच मिसळलेला असतो. पोलंडमध्ये लोकांनी निर्वासितांसाठी घरं उघडली, त्यामागे 1939 ची, जर्मनी आणि सोव्हिएत संघ त्यांच्या देशात घुसले त्याची आठवण होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत केनियाचे प्रतिनिधी मार्टिन किमानी बोलले ते वसाहतींच्या काळात आखलेल्या आफ्रिकेच्या सीमांबद्दल. काकांच्या मनात 1971 आहे. त्यांच्याशी वाद घालायचाच तर तीन प्रश्न वेगळे करा: हे का घडलं, सीमा कोणी ओलांडली, आणि आत्ता कोण भोगतंय. पहिल्यावर मतभेद राहू शकतात. पण पहिल्याचं उत्तर तिसऱ्याच्या तोंडावर फेकता येत नाही. हे सांगूनही काका थांबले नाहीत तर ग्रुप म्यूट करा, ते पळून जाणं नाही.

बातम्यांचं वेळापत्रक ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. 2013 च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की रोज सहा तास किंवा जास्त स्फोटांच्या बातम्या बघणाऱ्यांमधला तीव्र ताण प्रत्यक्ष स्फोटाजवळ असलेल्यांपेक्षाही जास्त होता. तिचे तास त्याच्या आसपास होते. ठरलं ते असं: सकाळी 20 मिनिटं, संध्याकाळी 20 मिनिटं, वाचायचं, बघायचं नाही. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद. झोपेच्या तासभर आधी फोन दुसऱ्या खोलीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे मोडतं, आणि मोडतं ते बहुधा अपराधी वाटल्यामुळे: मी डोळे फिरवतेय. त्या क्षणासाठी एक प्रश्न कागदावर लिहून ठेवायला सांगितला: ‘हे बघून पुढच्या तासात मी काय वेगळं करणार आहे?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते बघणं त्या लोकांसाठी नाही.

पैशांचं थोडक्यात. तिला कपडे गोळा करून पाठवायचे होते. पोलंडच्या सीमेवर मेडिका आणि पुढे प्शेमिशल इथे पहिल्याच दिवसांत कपड्यांचे ढीग लागले होते; ते निवडायलाच माणसं लागतात आणि तीच माणसं गरम जेवण देण्यातून कमी होतात. रोख रक्कम बरी, आणि एकदाच मोठी देण्यापेक्षा दरमहा छोटी, कारण लोकांचा उत्साह ओसरतो आणि युद्ध चालू राहतं. फॉरवर्ड झालेल्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नयेत, संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करावा. आणि पैसा कशाला जातोय ते आधी बघावं. युक्रेन सरकारच्या युनायटेड24 या निधीमंचावर, उदाहरणार्थ, संरक्षण, औषधोपचार आणि पुनर्बांधणी असे वेगळे रकाने आहेत. यातला कुठला आपल्या मनाला पटतो हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण न बघता देऊन मागून पस्तावू नये.

चार सत्रांत झोप बरीच सावरली. अशा प्रकारात झोप महिन्याभरात सावरत नसेल, कामावर लक्षच लागत नसेल, किंवा स्वतःच्या आयुष्यातली जुनी हिंसा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर ते फक्त बातम्यांचं दुखणं नसतं. तिथे मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं.

खार्किवकडून उत्तर पाचव्या मेसेजनंतर आलं, आणि ते रागाचं होतं. 2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आक्रमणाचा निषेध करणारा ठराव 141 विरुद्ध 5 मतांनी झाला, 35 देश तटस्थ राहिले आणि त्यात भारत होता. ‘तुझा देश कुठे होता?’ असं त्याने विचारलं. ती पुन्हा धावत आली. आता काय लिहू, आपल्या सरकारची बाजू समजावू? खार्किवमध्ये, सुमीमध्ये आपले विद्यार्थी अडकले होते, भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेने त्यांना बाहेर काढायचं होतं, हे सांगू?

हे सगळं खरं असलं तरी ते त्याला सांगायची ही वेळ नव्हती. सरकारची वकिली करायची नाही आणि त्याला खूश करायला सरकारला शिव्याही द्यायच्या नाहीत, कारण दोन्हींत संभाषण पुन्हा तिच्याभोवती फिरतं. तिने लिहिलं: ‘तटस्थ राहिला, हे खरं आहे. तुझा राग मला समजतो. तू माझ्यावर राग काढलास तरी चालेल.’ आणि खाली नेहमीचंच: काम वाटून दिलंय, पगार जमा झालाय, मंगळवारी लिहीन. दोन दिवसांनी त्याने एका बगबद्दल विचारलं.