ऑक्टोपस लोंबता ठेवू नकोस

स्कूबा डायव्हिंगमध्ये ऑक्टोपस म्हणजे जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर, तोंडात धरून टाकीतली हवा घ्यायचं साधन. तो लोंबता राहिला तरी पुण्यात पोहण्याच्या तलावात चालून जातं, पण तारकर्लीला लाटांत बीसीडी, म्हणजे टाकी अडकवलेलं हवा भरायचं जॅकेट, उतरवताना लोंबता ऑक्टोपस बोटीच्या शिडीत हमखास अडकतो. म्हणून आधी जॅकेटमध्ये हवा भर, वजनाचा पट्टा वर बोटीत दे आणि बकलला हात लावण्यापूर्वी ऑक्टोपस चाचपून बघ. हनुवटी ते बरगड्या एवढ्या टप्प्यात, छातीवरच्या होल्डरमध्ये तो घट्ट बसलेला हवा. तोंडाचं रबर खालच्या बाजूला ठेव. वर वळलं तर हवा भसाभसा सुटू शकते. होल्डर मात्र एका हिसक्यात सुटणाराच घे. जोडीदाराची हवा संपली तर त्याला गाठ सोडत बसायला वेळ नसतो रे! जॅकेटमधून डावा हात आधी काढ, कारण तोंडातल्या रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते.