व्यायामानं पाय गळतात, म्हणजे आजार वाढतो का?

"मॅडम, व्यायाम केला का पायच गयून जातात. आजार वाढतो का जी त्यानं?" मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्यांच्या घरून हा प्रश्न मला नेहमी येतो. मार्च लागला की जास्तच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या सविताताईंनी (नाव बदललं आहे) याच धास्तीनं अंथरूण धरलं होतं. शिकवलेला व्यायाम त्या दुपारी टिनाच्या छपराखाली करायच्या. थोड्याच वेळात पाय जड व्हायचे, डोळ्यांपुढे धूसर. सासूबाईंनी व्यायाम बंदच करायला लावला. मायेपोटीच, पण पाय वापरलेच नाहीत तर उरलेली ताकदही जाते.

मी विचारलं, अंग निवल्यावर नजर परत येते का? येत होती. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण खराब झालेलं असतं. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी संदेश अडखळतात. व्यायामानंतर नजर तात्पुरती धूसर होते, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं 1890 मध्येच नोंदवलं होतं. अंग थंड झालं की त्रास ओसरतो, मज्जातंतूंना त्यानं नवी इजा होत नाही. नवं लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला गाठायचं.

म्हणून पाण्यातला व्यायाम. छातीइतक्या पाण्यात पायांवर शरीराचं जेमतेम तीसेक टक्के वजन येतं, तोल गेला तरी माणूस आपटत नाही आणि अंगातली उष्णता पाणी ओढून घेतं. मात्र पाणी 27 ते 29 अंशांचं हवं. सांधेदुखीवाल्यांचं कोमट पाणी इथे चालत नाही.

जिल्ह्याच्या जलतरण तलावावर जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. शेतात कडुनिंबाखाली पायऱ्यांचा सिमेंटचा हौद होता. फिजिओथेरपिस्टनं तो पाहिला, मगच होकार दिला. नवरा पाण्यात सोबत, मोटार बंद. काठ धरून चालायचं, पाय बाजूला उचलायचे, थकायच्या आत बाहेर यायचं. विहिरीला आणि शेततळ्याला मी ठाम नाही म्हणते. तळ्याच्या प्लॅस्टिकवरून धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. फवारणीचं औषध कालवतात त्या हौदात तर कदापि उतरू नका. जखम, लघवीचा संसर्ग किंवा फिट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सविताताईंचा आजार गेलेला नाही. पण आता त्या न घाबरता व्यायाम करतात, आणि सासूबाईच आठवण देतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की हौदही तापतो. तेव्हा उजाडतानाच उतरायचं, आधी पाण्यात थर्मामीटर धरायचं, आणि पाणी गरम लागलं तर त्या दिवशी घरीच पंख्याखाली, अंगावर ओला पंचा घेऊन, बसल्याबसल्या व्यायाम करायचा.